राखणदारासाठी बिनदारूची बिअर

मुलुंडहून गोरेगावला जाण्याला आमच्या घरात कोणी प्रवास म्हणत नाही. आईच्या मते प्रवासाला निघायचं तर डब्यात घावने आणि पर्समध्ये उलटीची गोळी असली पाहिजे. डोंगराच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला गोरेगाव, मध्ये पवईचा तलाव आणि आरेचं जंगल. एवढं तर लोक रोज कामाला जातात. तरी मी हे लिहिते आहे, कारण एका आठवड्यात मी दोनदा तिकडे गेले, बिअर बनताना पाहिली, आणि घरून नेलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नाही, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

निघण्याआधी

प्रश्न बाबांचा होता.

आमच्या चाळीच्या मागे, जिथे डोंगराचा चढ सुरू होतो, तिथे जांभळाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो राखणदार. आजोबा सिंधुदुर्गातून गिरणीत नोकरीला आले आणि पुढे इथे खोली बांधली, तेव्हा त्यांनी ठरवलं की गावाकडच्यासारखी इथल्या जागेच्या राखणदारालाही वर्षातून एकदा राखण द्यायची. कोंबडा, रोट, विडी आणि दारू. आजोबा देशी देत. बाबांनी बिअर सुरू केली, कारण त्यांना बिअर आवडायची. राखणदाराने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या घरातली एक रीत मात्र पक्की. जो देतो त्याने आधी स्वतः एक घोट घ्यायचा, मग उरलेलं दगडावर ओतायचं. न चाखलेलं द्यायचं नाही.

मी शाळेत असताना बाबांनी दारू सोडली. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की परत शिवणार नाही. ती त्यांनी पाळली आहे. घरात याबद्दल कोणी बोलत नाही, पण माझं डोकं दुखलं की आई अजून आधी बाबांकडे बघते आणि मग बाम शोधते. राखण तेव्हापासून काका देत आले. या वर्षी काका निवृत्त होऊन कायमचे गावी गेले, आणि पाळी परत बाबांवर आली.

मग बाबांनी पवईच्या एका मॉलमध्ये बिनदारूच्या बिअरची बाटली पाहिली. वर मोठ्या अक्षरांत ‘नॉन-अल्कोहोलिक’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘अर्ध्या टक्क्याहून कमी अल्कोहोल’. ते लेबलचा फोटो काढून घरी आले.

“तू इंग्लिश मीडियमची,” मला म्हणाले. “हे काय आहे ते मला नीट सांग. यात दारू आहे की नाही?”

मी फोटो मोठा करून दोनदा वाचला. “आहे. आणि नाही.”

“तसं नको. जिथे बनवतात तिथे जाऊन विचारून ये.”

दारू असेल तर शपथ मोडणार, आणि ती माझ्या डोक्यावरची. नसेल तर राखणदाराला रंगीत पाणी पाजल्यासारखं होणार. मी अनोळखी माणसाला साधा पत्तासुद्धा विचारत नाही, फोनवर नकाशा बघते. पण हा प्रश्न नकाशावर नव्हता. गोरेगाव पूर्वेला एक छोटी ब्रुअरी अशी बिअर बनवते आणि शनिवारी लोकांना आत फिरवून दाखवते, एवढं मला ऑनलाइन सापडलं. मी नाव नोंदवलं.

शनिवार

पवईनंतर बसमधून उतरून आरेच्या फाटकापाशी रिक्षा केली. लिंक रोडवरचा गोंगाट वळणावर एकदम मागे राहिला. झाडांच्या सावलीतून रस्ता जातो, मध्येच बिबट्यापासून सावध राहायचा फलक, मध्येच तबेल्यांचा उग्र वास. पाड्यापाशी एक बाई रस्त्याकडेला बसून भोपळे आणि गवती चहाच्या जुड्या विकत होती. मी रिक्षा थांबवून एक जुडी घेतली. कुठे जाताना हातात काहीतरी असलं की मला बरं वाटतं. त्यामुळे मी ब्रुअरीत गवती चहा घेऊन शिरले.

ब्रुअरी म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक उंच गाळा. एका बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, दुसऱ्या बाजूला व्यायामशाळेची यंत्रं दुरुस्त करणारे. मला वाटलं होतं आत गुत्त्याचा वास येईल. वास आला उकडलेल्या मक्याचा आणि भाजलेल्या पावाचा. माझ्याबरोबर एका ऑफिसची पिवळ्या टी-शर्टातली मंडळी होती. सगळ्यांना डोक्यावर कागदी टोप्या दिल्या. मोठ्या टाकीचं झाकण उघडल्यावर वाफ आली, माझा चष्मा धुकटला आणि पुढचा बराच भाग मी फक्त ऐकला.

दाखवत होती ती रेनिटा, तिथली बिअर बनवणारी. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बारीक कापलेले केस, खांद्यावर ओलं फडकं. पिवळ्या मंडळींना तिने इंग्रजीत सांगितलं. त्यांनी डिस्काउंटचं विचारलं आणि चव बघायच्या खोलीकडे गेली. मी मागे राहिले. ती एक जाड नळी धुवायला लागली, म्हणजे तिची पाठ माझ्याकडे झाली. पाठीशी बोलणं मला जमतं.

“यात दारू असते की नसते?” मी मराठीतच विचारलं. “फक्त हो किंवा नाही सांगा.”

ती वळली. “एक्साइजची आहेस का गं?”

“नाही.”

“मग? कॉलेजचं प्रोजेक्ट?”

“बाबांनी पाठवलंय.”

“बाबांनी! पोरीला बिअरच्या फॅक्टरीत!” ती मोठ्याने हसली. “माझ्या डॅडीने मला इथून खेचून न्यायला अख्खं गावठाण पाठवलं होतं. आणि ते हातात काय?”

“गवती चहा.”

“कोणासाठी?”

ती जुडी मी तिलाच दिली. मग मी तिला सगळं सांगून टाकलं, दगड, घोट, शपथ, काका. असं मी कोणाला सांगत नाही. ती नळी धूत राहिली, बहुतेक म्हणूनच सांगता आलं.

रेनिटा अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातली, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातली. तिला माझ्या गोष्टीत काहीच विचित्र वाटलं नाही. “आमच्याकडे नाना, माझा आजोबा, पेला भरला की पहिले दोन थेंब जमिनीवर टाकायचा,” ती म्हणाली. “मेलेल्यांना. मग बाकीचा सगळा जिवंताला.”

मग तिने मला परत टाक्यांमधून फिरवलं, या वेळी चष्मा पुसून.

जवाला मोड आणून, सुकवून, भरडून गरम पाण्यात भिजवतात. त्यातून गोड पाणी निघतं. मी चमचाभर चाखलं, आजारपणात देतात तसल्या दुधाच्या पावडरीसारखं लागलं. या पाण्यात हॉप्स नावाची कडू फुलं उकळतात आणि गार झाल्यावर यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. इथपर्यंत सगळ्या बिअरचं सारखंच.

“आता माझ्याकडे दोन रस्ते,” रेनिटा म्हणाली. “एक म्हणजे आळशी यीस्ट वापरायचं. हे बघ, या टाकीत आहे. हे साधी साखर तेवढी खातं आणि जवाची मुख्य साखर तशीच टाकून झोपतं. म्हणून दारू बनतच नाही. म्हणजे, बनते जराशी.”

“जराशी?”

“अर्ध्या टक्क्याच्या आत. पिकलेल्या केळ्यात पण असते गं. पावात असते.”

“म्हणजे हो.”

“म्हणजे केळं.”

बाबा रोज केळं खातात.

त्या टाकीतली बिअर गोडसर राहते, म्हणून तिने तिच्यात कोकम आणि चिमूटभर मीठ घातलं होतं. गोडाला आंबट लावलं की जीभ फसते, असं तिचं म्हणणं. छोट्या ग्लासातून तिने मला दिली. लाल, थंड, फेसाळ. छान होती. पण ती घरच्या जेवणाशेजारी ठेवली असती, तर आईने तिच्यात नारळाचं दूध घातलं असतं.

“आणि दुसरा रस्ता?”

“खरी बिअर बनवायची, पूर्ण. मग तिच्यातून दारू काढून घ्यायची. ते मंगळवारी करतो. ये.”

दारू आधी असते आणि मग नसते. हे बाबांना कसं सांगायचं, याचा मी विचार करत बाहेर आले, तर दारात टेम्पो भरत होते. गोड पाणी काढून घेतल्यावर जवाचा जो चोथा उरतो, तो आरेतल्या तबेल्यांना जातो. रेनिटाने चालकाला हाक मारली, “अंकुश, हिला पवईच्या फाटकाला सोड रे.” नको म्हणायला मला वेळ लागतो, तोवर मी टेम्पोत बसलेली होते.

अंकुश आरेतल्याच पाड्यावरचा. मागून चोथ्याची ऊब येत होती. तबेल्यापाशी टेम्पो थांबायच्या आतच म्हशी दावणीला हिसके द्यायला लागल्या.

“चढते का यांना?” मी विचारलं.

“यात कुठे दारू? ती पुढच्या टाकीत.” त्याने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही तिथे शिकायला आलात ना?”

पाड्याच्या वळणावर झाडाखाली वाघाचं चित्र कोरलेली फळी होती, पुढे नारळ. त्यांचा वाघोबा. त्यालाही दारू देतात, असं अंकुश म्हणाला. मला राहवलं नाही. “बिनदारूची दिली तर?”

त्याने क्लच एकदम सोडला आणि हसत राहिला. टेम्पो बंद पडला.

“वाघाला पनीर देणार काय, मॅडम?”

मंगळवार

मी ऑफिसला अर्धी सुट्टी टाकली आणि कारण लिहिलं ‘घरगुती’. खोटं नव्हतं.

या वेळी पिवळी मंडळी नव्हती. एका कोपऱ्यात स्टीलचं बंद भांडं होतं, त्याला नळ्या लावलेल्या, आणि खाली पंप घरघरत होता. आत खरी बिअर होती, पूर्ण तयार झालेली.

“आतली हवा ओढून घेतली की दारू कमी गरमीत उडते,” रेनिटा म्हणाली. “हात लाव.”

भांडं अंघोळीच्या पाण्याइतकंच कोमट होतं. नाहीतर बिअर उकळावी लागली असती, आणि उकळलेल्या बिअरची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते म्हणे. वाफ नळीतून जाऊन थंड होत होती आणि काचेच्या बरणीत थेंब थेंब पडत होती. पाण्यासारखी स्वच्छ.

“हे काय?”

“हे तुझ्या बाबांनी सोडलेलं.”

मी बरणीकडे बघत राहिले. मला वाटलं, हे राखणदाराला द्यावं आणि भांड्यातलं बाबांना. एकाच बिअरचे दोन वाटे, भांडणच मिटलं. मी तसं म्हणूनही टाकलं.

“वा गं वा!” रेनिटा म्हणाली. “यातला एक थेंब गेटबाहेर गेला ना, तर माझ्या लायसन्सची वाट लागेल. मग तुझा राखणदार येणार का सोडवायला?”

दारूबरोबर सुगंधही उडून जातो, ही त्यांची खरी अडचण. म्हणून सुरुवातीची वाफ, जिच्यात सुगंध जास्त असतो, ती वेगळी धरतात, तिच्यातली दारू शक्य तेवढी काढतात आणि सुगंध परत बिअरमध्ये सोडतात. वर गार बिअरमध्ये पुन्हा हॉप्स भिजवतात. शेवटी भरलेल्या बाटल्या गरम पाण्यातून काढतात, कारण दारू नसली की बिअर लवकर नासते. “दारू असते तोवर ती राखण करते,” रेनिटा म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली. “सॉरी, पण खरंच करते.”

मी फोनमध्ये ‘पंप’ एवढंच टिपून घेतलं.

तिने मागच्या खेपेची एक बाटली उघडली आणि ग्लास माझ्या हातात दिला. “बिअरसारखी लागते का सांग.”

मला कसं कळणार? मी कधी बिअर प्यायलेलीच नाही. शपथ बाबांची असली तरी डोकं माझं होतं, त्यामुळे मी कुठल्याही पार्टीत लिंबू सरबतच घेते. मी ग्लास तोंडाजवळ नेला.

आणि मला कळलं. पिण्याआधीच. तो वास मी ओळखत होते. खुंटीवरच्या शर्टाचा, रविवारी दुपारी झोपलेल्या बाबांच्या उशीचा. आई हळू आवाजात बोलायची तेव्हाचा. मी दारामागे उभी राहायचे तेव्हाचा. त्या वासात त्यांनी मला खांद्यावर घेऊन विसर्जनालाही नेलं होतं, हे मी विसरले होते.

“काय झालं गं?” रेनिटा म्हणाली. “बिघडलीये का?”

“नाही. बरोबर आहे.”

ती खूश झाली. तिने किती खेपा फेकून दिल्या असतील, तेव्हा ती इतकी बरोबर आली असेल. तिला मी पुढचं सांगितलं नाही. तिने माझ्या पिशवीत एक कोकमाची आणि एक ही अशा दोन बाटल्या ठेवल्या. “हो की नाही ते तूच ठरव,” म्हणाली. “मी बनवते फक्त.”

रविवार

मी फोनमध्ये मुद्दे लिहून ठेवले होते. आळशी यीस्ट, पंप, केळं. राखणीची तयारी झाली होती, आईने रोट भाजले होते. बाबा आंघोळ करून पंचा नेसून बसले होते आणि मी त्यांना शाळेत तोंडी परीक्षा द्यावी तसं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे आहे की नाही?” शेवटी आईने विचारलं.

“केळ्याइतकी,” मी म्हणाले.

“हिला कशाला पाठवलं?” आई म्हणाली.

बाबांनी कोकमाची बाटली उघडली, हुंगली, घोट घेतला. “ही सोलकढी,” म्हणाले, आणि आणखी एक घोट घेतला. मग दुसरी उचलली. मी म्हणाले, “बाबा, ती…” त्यांनी झाकण काढलं. फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत आला. त्यांनी बाटली नाकाशी धरली आणि तशीच धरून राहिले. आईचा हात परातीत थांबला.

भावना आवरायच्या झाल्या की बाबा मालवणीत जातात. ते हळूच म्हणाले, “ह्येच्यात दारू नसात. पण मी आसंय.”

आणि बाटली माझ्या हातात दिली.

“मग राखणदाराला काय द्यायचं?” आई म्हणाली. “ती सोलकढी?”

“हीच,” बाबा म्हणाले. “तो काय पिता थोडोच? आपण ओततो ती जमिनीत जाते. तो वासाचो धनी.” मग माझ्याकडे बघून, “घोट तू घे. तू दे.”

“मुलीने?” आई म्हणाली.

“तिच्या डोक्यार हात ठेवलंय तेव्हा मुलगीच होती मां?”

मला वाघाचं पनीर आठवलं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

जांभळाखाली आम्ही गेलो. मी पहिल्यांदाच दगडाच्या इतकी जवळ उभी होते. बाबा माझ्या शेजारी न थांबता चढावरून थोडे वर गेले, वारा जिकडून येत होता तिकडे, म्हणजे वास त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तिथून त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मी घोट घेतला. कडू होता, आणि गिळल्यावरही कडूच राहिला. मग मी बाटली दगडावर उपडी केली. फेस शेंदरावरून उतरला, मातीत शिरला.

काका असताना सगळी चाळ मागे उभी असायची आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. आता मी आणि आई. आईचं लक्ष कोंबड्याकडे. बाबांचं वाक्य संपलं.

“व्हय म्हाराजा,” मी पुटपुटले.

“मोठ्यान,” बाबा वरून म्हणाले. “त्येका ऐकाक व्हया.”

पलीकडच्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. बाबांनी पुढचं वाक्य घेतलं, पोरीवर काही येऊ देऊ नको अशा अर्थाचं. मी बाटली दोन्ही हातांत धरली आणि ओरडले, “व्हय म्हाराजा!” माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला, आणि मला तो ओळखता आला नाही.

सोमवारी सकाळी मी उठले तर माझं डोकं दुखत होतं. आईला सांगितलं. तिने सवयीने बाबांकडे पाहिलं. बाबा चहा पीत होते, त्यांनी आईकडे पाहिलं. मग दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.